माझ्यामागं कोण म्हनतंय?

नाशिकच्या द्वारका परिसरात राहणाऱ्या माणसाला ध्वनिमुद्रणाचा नाद लागावा, हा एक विनोदच म्हटला पाहिजे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडून येणारा रस्ता यांची गाठ इथे पडते. निफाड-लासलगावकडून कांदा भरून निघालेले ट्रक, पुण्याच्या एस.टी. गाड्या, काठे गल्लीकडे वळू पाहणाऱ्या रिक्षा यांचा एकत्रित स्वर रात्री दोन वाजताही पुरता शांत होत नाही. अशा ठिकाणी, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेतील आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावून मी गेली चौदा-पंधरा वर्षे माणसांचे आवाज टिपत आलो आहे. निवृत्तीपूर्वी मराठी शिकवत होतो. ध्वनितंत्राचे रीतसर शिक्षण माझे नाही. जे काही शिकलो ते चुका करून.

त्यांपैकी एका चुकीविषयी लिहिण्याचे निमित्त अगदी रूक्ष आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. माझा संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाही. म्हणजे ध्वनिमुद्रणाचे यंत्र कोणत्या प्रणालीवर चालवावे, हा प्रश्न मला दुसऱ्यांदा पडला. पहिल्यांदा तो २०११ मध्ये पडला होता, आणि त्या वेळी दिलेल्या उत्तराची किंमत मी अजून मोजतो आहे. साहित्यविषयक लेखनात ऑपरेटिंग सिस्टिमचे काय काम, असे वाचक विचारतील. तो प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. शेवटपर्यंत वाचल्यावर त्याचे उत्तर वाचकांनीच ठरवावे.

२०११ साली आमच्या महाविद्यालयात कम्युनिटी रेडिओची कल्पना निघाली. वातावरण अनुकूल होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी लहान केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली. पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' केंद्र तोवर सुरू झालेले होते. आमच्याकडे तिघांची समिती नेमली गेली : भौतिकशास्त्राचे एक सहकारी, ध्वनितंत्र शिकून आलेली माझी एक माजी विद्यार्थिनी, आणि मी. 'कार्यक्रम तुम्हीच करणार, तेव्हा यंत्रही तुम्हीच निवडा,' असे प्राचार्यांनी मला सांगितले. पुढे परवान्याचा अर्ज कागदावरच राहिला. ध्वनिमुद्रणाची खोली मात्र झाली, आणि महाविद्यालयाने जागा परत मागितल्यावर ती खोलीही माझ्या घरी आली.

समितीतला वाद मला आजही आठवतो. विद्यार्थिनीचे म्हणणे लिनक्स घ्यावे. प्रसारणाचे वेळापत्रक सांभाळणारे 'रिव्हेंडेल' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यावर चालते. दिल्लीच्या 'ग्राम वाणी'ने आपल्याकडच्या लहान केंद्रांसाठी केलेली 'ग्रिन्स' ही व्यवस्थाही लिनक्सवरचीच. सहकाऱ्यांना मॅक हवा होता, कारण ध्वनी हाताळण्याची 'कोअर ऑडिओ' ही यंत्रणा त्या प्रणालीत मुळातच बसवलेली असते. मी विंडोजच्या बाजूने होतो. माझे कारण तांत्रिक नव्हते. माझ्या साऱ्या संहिता त्या काळच्या प्रचलित मराठी टंकांमध्ये टंकलेल्या होत्या, ते टंक युनिकोडपूर्व होते, आणि दुसऱ्या प्रणालीवर त्या संहितांचा निव्वळ चिखल होत असे. शिवाय यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस शहरात मिळाला पाहिजे, हा व्यवहार होताच. मी वयाने मोठा होतो. माझेच खरे झाले.

२०१२ च्या उन्हाळ्यात माझी मोठी आत्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी निफाड तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे राहायला आली. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. किती येतात असे विचारले, तर ती म्हणायची, 'जातं फिरंल तेवढ्या.' ओवी तिच्या लेखी पाठ केलेली वस्तू नव्हती. दगड फिरू लागला की ती येई. म्हणून गावाकडून तिचे जाते एका टेम्पोतून आणवले आणि तिसऱ्या मजल्यावर चढवले. खालच्या मजल्यावरच्यांची आधी परवानगी घेतली, हे सांगायला हवे.

अडचण अशी झाली की जात्याची घरघर आवाजाला गिळून टाकत होती. विद्यार्थिनीने उपाय सुचवला : आधी एकट्या जात्याचा आवाज घ्यायचा, मग तो आत्याच्या कानांवर हेडफोनमधून ऐकवत तिच्याकडून ओव्या म्हणवून घ्यायच्या. आत्याने हेडफोन पदराखालून कानांवर चढवला, पहिली ओवी सुरू केली आणि दुसऱ्याच चरणाशी थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबली. मग मान वळवून तिने विचारले, 'माझ्यामागं कोण म्हनतंय रं?'

मागे कोणी नव्हते. मागे तीच होती. तिचा आवाज ध्वनिग्राहकातून संगणकात जाऊन हेडफोनमधून तिच्या कानांत परत येईपर्यंत उशीर होत होता, आणि ती स्वतःच्याच प्रतिध्वनीला वाट देण्यासाठी थांबत होती.

या उशिराचे गणित सोपे आहे, आणि सारा प्रश्न त्यातच आहे. संगणक ध्वनी अखंड ऐकत नाही. तो सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि त्यांचे गठ्ठे बांधून पुढे पाठवतो. आमच्या यंत्रात एक गठ्ठा ४,०९६ नमुन्यांचा होता, म्हणजे सुमारे ९३ सहस्रांश सेकंदांचा. एक गठ्ठा आत जाताना, एक बाहेर येताना. मिळून जवळजवळ सेकंदाचा पाचवा हिस्सा. स्वतःचा आवाज साधारण एवढ्या उशिराने कानांवर पडला तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो, ही गोष्ट बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच नोंदवून ठेवली आहे. हाच गठ्ठा १२८ नमुन्यांचा केला, तर तो ३ सहस्रांश सेकंदांहून लहान होतो. हवेतून ध्वनीला एक मीटर कापायला जवळपास इतकाच वेळ लागतो. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला जेवढ्या उशिराने ऐकू येते तेवढाच तो उशीर, आणि तो कोणाला जाणवत नाही.

मग गठ्ठा लहान का करू नये? आम्ही केला. लगेच आवाजात 'टक्-टक्' असे खडे लागू लागले. सर्वसाधारण प्रणाली अनेक कामांना आळीपाळीने वेळ वाटून देते. एकूण काम अधिकाधिक व्हावे हे तिचे ध्येय. ध्वनीला सरासरीशी कर्तव्य नसते. दर ३ सहस्रांश सेकंदांनी पुढचा गठ्ठा हजर पाहिजे. एक जरी चुकला तरी तिथे भोक पडते. छंद शिकवताना मी मुलांना यतिभंग समजावून देत असे : शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती असतो, तिथे शब्द मध्येच मोडला तर अक्षरे मोजून बरोबर येतात, आणि तरी कान नाराज होतो. संगणकातला हा खडा म्हणजे तशीच गोष्ट. बेरीज बरोबर असते, वेळ चुकलेली असते.

व्यावसायिक ध्वनीच्या जगाने या अडचणीवर आपापल्या वाटा काढल्या. विंडोजमधला लांबचा रस्ता टाळून थेट ध्वनियंत्राशी बोलणारी 'एसिओ' ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली. मॅकची व्यवस्था वर सांगितलीच. लिनक्सवर पॉल डेव्हिस यांनी 'जॅक' हा ध्वनीचा जोडमार्ग उभारला, आणि 'ठरल्या क्षणी काम झालेच पाहिजे' अशी शिस्त लिनक्सच्या गाभ्यात आणण्याचे प्रयत्न इतर अनेकांनी सुमारे वीस वर्षे चालवले. २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत ती शिस्त मूळ गाभ्यातच सामावली गेली. तात्पर्य, वेळ पाळण्यापुरते पाहिले तर तिन्ही प्रणालींवर आज उत्तम काम होते. त्या दिवशीची आमची अडचणही मुख्यतः आमच्या अज्ञानाची होती.

शेवटी आत्यानेच प्रश्न सोडवला. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला, खुंटा धरला आणि जात्यासकट म्हणू लागली. आम्ही ध्वनिग्राहक तिच्या तोंडाशी नेला आणि घरघर येईल तशी येऊ दिली. ७० मिनिटे ती थांबली नाही. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, आणि मध्येच एक ओवी डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांवर, तिथल्या तिथे रचलेली. मागाहून ऐकताना लक्षात आले की दगडाच्या आवाजाशिवाय त्या ओव्या उघड्या वाटल्या असत्या.

२०१४ मध्ये आत्या गेली. २०१६ मध्ये तो संगणक गेला.

ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती मी निराळ्या डिस्कांवर जपून ठेवल्या होत्या. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही काम केले, ते ध्वनी स्वतःच्या खास स्वरूपात साठवत असे आणि एक लहानशी किल्ली यंत्राला जोडल्याखेरीज चालत नसे. नव्या संगणकाच्या नव्या प्रणालीला ती किल्ली ओळखता येईना. जुनी आवृत्ती तिच्या कर्त्यांनी केव्हाच सोडून दिलेली होती. त्या सॉफ्टवेअरचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण दोष माझा होता. सत्तर मिनिटांचे ते मुद्रण साध्या वेव्ह स्वरूपात काढून ठेवले असते तर सुमारे ३७० मेगाबाइट जागा लागली असती. एक सीडी पुरली असती. ते काम मी 'पुढच्या सुट्टीत' करणार होतो. प्रती दोन होत्या, आणि दोन्ही कुलूपबंद. वर्गात ऐकवण्यासाठी एमपी-थ्री स्वरूपात काढलेला चार मिनिटांचा तुकडा तेवढा हाती राहिला. डॉक्टरांवरची ओवी त्यात नाही.

मराठीच्या अध्यापकाला ही गोष्ट आधीच समजायला हवी होती, असे मला वाटते. महानुभाव ग्रंथांची हकीकत आपण दरवर्षी शिकवतो. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि मराठीतले आद्य गद्य शतकानुशतके बाकीच्या महाराष्ट्राला असून नसल्यासारखे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ते कुलूप उघडले. परंतु एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सकळ लिपीची किल्ली माणसांपाशी होती. मठांतून ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणूनच कधीतरी बाहेर येऊ शकली. माझ्या आत्याच्या ओव्यांची किल्ली कोणा शिष्यपरंपरेकडे नव्हती. ती एका उत्पादनाच्या आयुर्मर्यादेशी बांधलेली होती. ज्या टंकांसाठी मी समितीत भांडलो, तीही माझी सकळ लिपीच निघाली. २०११ पूर्वीच्या माझ्या निम्म्या संहिता आज मलाच वाचता येत नाहीत.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. संगणकतज्ज्ञ आणि संगीताभ्यासक बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात त्या कामात आले आणि त्यांनी ध्वनिमुद्रण व संगणकीय सूची यांची घडी बसवली. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, राइरकर २०१० मध्ये. तरीही २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकता-वाचता येतात. मूळ माणसे गेल्यावरही दुसऱ्यांना तो साठा उचलून पुढे नेता आला, कारण तो उचलता येण्याजोगा ठेवलेला होता. बायकांनी शतकानुशतके तोंडी सांभाळलेली ओवी सासरी-माहेरी सहज जात असे. तिला एका जागी खिळवण्याचे काम माझ्यासारख्या शिकलेल्याने केले.

रेडिओचा विचार केला तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा, असा कम्युनिटी रेडिओला नियम आहे. तक्रार आली तर पुरावा असावा, एवढाच त्याचा हेतू. आवाज तीन महिन्यांनंतर कशासाठी लागेल, हे नियम सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. आमच्या नाशिकमध्येच करोनाच्या काळात 'रेडिओ विश्वास' या केंद्राने तिसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी 'शिक्षण सर्वांसाठी' या उपक्रमातून ध्वनिपाठ प्रसारित केले, आणि २०२२ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अशा वेळी सकाळी यंत्र बंद पडले तर त्या दिवशीचा वर्ग भरत नाही. आणि पाठांचा साठा उघडेनासा झाला तर पुढच्या वर्षीचाही भरत नाही. पहिला धोका सर्वांना दिसतो. दुसरा कोणालाच दिसत नाही, कारण तो घडतो तेव्हा आवाज होत नाही.

आता माझ्या निवडीविषयी. या वेळी मी लिनक्स घेतले. ते घेताना कोणताही पंथ स्वीकारल्याची भावना माझ्या मनात नव्हती. मुक्तस्रोतवाल्यांच्या प्रवचनांचा मला कंटाळा येतो, आणि ज्या वेव्ह स्वरूपाचे गुण मी गातो आहे ते मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनीच १९९१ मध्ये आणले, हेही विसरता कामा नये. दार उघडे ठेवण्याचे पुण्य कोणा एकाच्या खात्यावर नाही. लिनक्सने मला त्रासही दिला. ध्वनियंत्राची काही बटणे चालेनात, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. खरखर काढणारे माझे सवयीचे सॉफ्टवेअर त्यावर नाही. आणि अखेर त्याच विद्यार्थिनीला फोन करावा लागला. ती म्हणाली, 'सर, चौदा वर्षे उशीर झाला.' यावर मी काही बोललो नाही.

उद्या एखाद्या महाविद्यालयाने लहान केंद्रासाठी मला सल्ला विचारला, तर मी सरसकट लिनक्स घ्या असे सांगणार नाही. पहाटे साडेपाच वाजता यंत्रापाशी कोण असेल, हे आधी विचारा असे सांगेन. ते माणूस जी प्रणाली जाणते ती घ्यावी. प्रसारणाचे यंत्र वेगळे ठेवावे, त्याला महाजालापासून दूर ठेवावे, त्यावर दुसरे काही करू नये. मात्र आवाज साध्या वेव्हमध्ये किंवा फ्लॅकमध्ये, सूची युनिकोडमध्ये, आणि वर्षातून एकदा सगळा साठा निराळ्या प्रणालीच्या यंत्रावर उघडून पाहण्याचा नेम, या तीन गोष्टींत तडजोड करू नये. रिव्हेंडेलमधली मला आवडलेली गोष्ट हीच की त्यातला ध्वनी साध्या फायलींत असतो आणि त्याची यादी कोणालाही वाचता येणाऱ्या विदागारात. उद्या रिव्हेंडेल राहिले नाही तरी आवाज राहील. प्रणालीची परीक्षा ती चालू असताना होत नाही. तिच्यातून बाहेर पडायची वेळ आली की होते.

मागच्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याची आजी सिन्नरहून आली होती. तिच्या ओव्या घ्यायच्या होत्या. आत्याचे जाते अजून त्याच खोलीत आहे; त्याचाच आवाज आधी टिपला आणि हेडफोन आजींच्या कानांवर चढवला. गठ्ठा १२८ चा होता. त्यांनी पहिली ओवी सुरू केली. मी यंत्राकडे न पाहता त्यांच्या मानेकडे पाहत बसलो होतो. दुसरा चरण झाला, तिसरा झाला, चौथा झाला. खाली चौकात एक ट्रक जोराने भोंगा वाजवत गेला. आजींनी मागे वळून पाहिले नाही. त्या रात्री झोपण्यापूर्वी मी ते मुद्रण वेव्हमध्ये काढले, आजींचे पूर्ण नाव आणि गाव देवनागरीत लिहून फाइल जतन केली, आणि तिच्याशेजारी ती चार मिनिटेही नेऊन ठेवली.